हॅण्डल मारताना अंगठा कुठे ठेवायचा?



आठवी-नववीला मराठी शिकवणाऱ्या कुणालाही 'जुन्या मालमोटारीचे मनोगत' हा निबंध नवा नाही. पडक्या किल्ल्याचे, फाटक्या पुस्तकाचे, आटलेल्या नदीचे, तसेच हेही. विषय फळ्यावर लिहिला की पहिले वाक्य मी डोळे मिटून सांगू शकते. "काल मी रस्त्याने जात असताना अचानक आवाज आला, अरे मुला, थांब!" मग मालमोटार बोलू लागते. एके काळी ती नवीकोरी होती, सगळे तिचे कौतुक करत, आता ती गंजत पडली आहे आणि माणसे कृतघ्न आहेत. शेवटी आवाज बंद होतो आणि मुलगा भानावर येतो. एका वर्षी मी ४६ वह्या तपासल्या. ४६ मालमोटारी रडत होत्या. पण त्यांतल्या एकीलाही आपल्याला गिअर किती, आपण डिझेल पितो की पेट्रोल, घाटात आपलं काय व्हायचं, यातलं काही माहीत नव्हतं.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. मार्गदर्शकात तसेच छापलेले असते, आणि गुणही त्यालाच मिळतात.

आमची शाळा बार्शी तालुक्यात. बाजार समितीमुळे इथे मालमोटारींचं जाणं-येणं आधीपासून. गावात निवृत्त ड्रायव्हर आहेत, गॅरेजचे मिस्तरी आहेत, आणि माझ्या स्वतःच्या घरात चेन ट्रॅक्टर चालवलेले माझे वडील आहेत. मुलांना म्हटलं, मनोगत नंतर लिहू, आधी ज्यांनी गाडी चालवली त्यांच्याकडे जाऊन या. अट एकच. 'तुम्हाला कसं वाटायचं?' हा प्रश्न विचारायचा नाही. 'ते कसं करायचं?' हा विचारायचा.

तुम्ही म्हणाल, एवढ्या एका शब्दाने काय फरक पडतो? करून बघा. म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारा, जुनी गाडी कशी होती? तो म्हणेल, "लई भारी होती. तसलं लोखंड आता ऱ्हायलं नाय." आणि थांबेल. आता विचारा, सुरू कशी करायची? तो खुर्चीतून उठून उभा राहील.

आमच्या वर्गात आलेले ड्रायव्हरमामा ऐंशीच्या घरातले. क्लीनर म्हणून लागले, म्हणजे आमच्या बोलीत 'किन्नर', ते डॉज गाडीवर. पुढे टाटा-मर्सिडीजवर ड्रायव्हर झाले. शाळेत बोलावलं म्हणून धुतलेलं पांढरं धोतर नेसून आले होते आणि भाषण करावं लागेल या धास्तीने घामाघूम झाले होते. आठवीतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, "आजोबा, बॅटरी उतरली तर गाडी सुरू कशी करायची?"

मामांनी आधी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग फळ्याशेजारची लाकडी पट्टी उचलली, वाकले, आणि टेबलाच्या खणाच्या भोकात ती घातल्यासारखं करून म्हणाले, "ह्यो हॅण्डल. आता धरून दाखव." मुलीने मूठ आवळून धरलं, जसं आपण कुणीही धरू. मामा ओरडले, "मोडला हात!"

हॅण्डल मारताना अंगठा इतर चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. इंजिन कधी कधी उलटा झटका मारतं. अंगठा पलीकडे असेल तर हात सुटत नाही, आणि मनगट किंवा अंगठा मोडतो. बोटांच्या बाजूला असेल तर हॅण्डल हातातून निसटून जातं. शिवाय हॅण्डल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. ४६ मुलांनी पट्ट्या, पेनं, कंपासपेट्या धरून अंगठे तपासले. मामांनी एकेकाजवळ जाऊन बघितले. त्यांच्याबरोबरच्या एका किन्नरचं मनगट कुर्डुवाडीच्या पुढे मोडलं होतं, तो पुढे कायम डाव्या हाताने जेवला, हेही त्यांनी तेवढ्यात सांगून टाकलं. भाषणाची धास्ती केव्हाच गेली होती.

मग डबल क्लच. आजच्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये दातांचा वेग जुळवून घेणारी सोय असते. जुन्या मालमोटारींत ती नसायची. वरचा गिअर काढून खालचा टाकायचा तर क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलेटर देऊन इंजिनाचा वेग वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा, मग गिअर. नाहीतर दातांवर दात आपटून असा कर्रकन आवाज व्हायचा की अड्ड्यावरची सगळी माणसं वळून बघायची. एका मुलाने विचारलं, मध्ये अ‍ॅक्सिलेटर कशाला? मामा क्षणभर अडले. विज्ञानाच्या पुस्तकातलं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मग म्हणाले, "चालत्या येष्टीत चढायचं असलं तर आधी तिच्याबरूबर पळतूस का न्हाई? हुभ्या-हुभ्या उडी मारलीस तर तोंडावर पडशील. दातांचं तसंच." (पालकहो, चालत्या एसटीत चढू नये, हे मी नंतर वेगळं सांगितलं.) सापेक्ष वेग इतक्या कमी शब्दांत मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेला नाही.

घाटाच्या गोष्टीत तर तास संपल्याची घंटा कुणाला ऐकूच आली नाही. बार्शीहून तूरडाळ भरून टेंभुर्णी, इंदापूर, पुणे करत मुंबईला जायचं, म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरायचा आणि येताना चढायचा. चढताना किन्नरने दारातल्या पायरीवर उभं राहायचं, हातात उटी घेऊन. उटी म्हणजे चाकाखाली घालायचा लाकडी ठोकळा. गाडीचा दम तुटला, ती मागे सरकायला लागली, की चालत्या गाडीतून उडी मारून मागच्या चाकाला उटी लावायची. "चाक आधी का हात आधी, ह्ये तेवढं बघायचं," मामा म्हणाले. उतरण्याचा नियम वेगळा होता. ज्या गिअरमध्ये चढ चढतोस, त्याच गिअरमध्ये तो उतर. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. इंजिनालाच गाडी अडवू द्यायची. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी वेग कमी करून नाणं टाकायचं. मुलांपैकी निम्म्यांना शिंग्रोबा माहीत नव्हता. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या त्या धनगराची कथा मामांनी सांगितली आणि मला माझा एक तास वाचल्याचा आनंद झाला.

इथे थोडा इतिहास सांगते, वर्गात उपयोगी पडेल. आपल्याकडच्या जुन्या मालमोटारींची नावं परदेशी का, असं मुलं हमखास विचारतात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली, त्यामुळे शेवरोलेट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या हजारो गाड्या मोडीत विक्रीला निघाल्या, तो 'डिस्पोजलचा माल'. आणि बेडफर्ड. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावलेली पहिली एसटी बेडफर्डच होती. चॅसीवर हौदा बसवला की मालमोटार, बाकडी बसवली की एसटी, असं ते सोयरं होतं. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बनवायला सुरुवात केली. तीच मामांची टाटा-मर्सिडीज. लांब नाकाची, नाकावर तीन टोकांची चांदणी असलेली, आणि डिझेलवर चालणारी. १९६९ मध्ये करार संपला आणि चांदणी गेली. डिझेल स्वस्त म्हणून डॉज-फार्गोतही पुढे पर्किन्सचं डिझेल इंजिन बसायला लागलं. मामा सांगत होते, रात्री अंगणात बाजेवर पडलं की रस्त्यावरून जाणारी पर्किन्स आणि मर्सिडीज आवाजावरून वेगळी कळायची. कधी कधी ड्रायव्हर कोण हेही कळायचं, गिअर टाकण्याच्या पद्धतीवरून.

सगळ्यांना हा उपक्रम आवडला असं मात्र नाही. एक पालक दुसऱ्या दिवशी शाळेत आले. ते स्वतः ट्रकवर ड्रायव्हर आहेत, आजचे. महिन्यातून चार दिवस घरी असतात. म्हणाले, "मॅडम, पोराला ह्यातलं काय नका सांगू. मी रात्रीचा दिवस करतोय ते ह्याला ह्या धंद्यात यायला लागू नये म्हणून. आणि तो काल घरी येऊन मला डबल क्लच समजावून सांगतोय." त्यांच्या बोलण्यात राग होता, पण त्याखाली दुसरंही काही होतं. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "मग मुलाने बरोबर सांगितलं का?" ते थोडं थांबून म्हणाले, "बरोबर सांगितलं. मला तसं सांगता येत नाही." मी त्यांना पटवायला गेले नाही. जो माणूस आठवड्यात तीन रात्री स्टिअरिंगवर काढतो, त्याच्यापुढे श्रमप्रतिष्ठेवर बोलणं मला शोभलं नसतं. मुलाला गटातून मात्र त्यांनी काढलं नाही.

आता चेन ट्रॅक्टर. ही गोष्ट घरची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चाकांऐवजी साखळीच्या पट्ट्यावर चालणारं हे यंत्र मूळचं अमेरिकेतलं. कॅलिफोर्नियात स्टॉक्टनच्या आसपासची जमीन इतकी मऊ आणि दलदलीची, की वाफेचे जड ट्रॅक्टर रुतून बसायचे. बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये चाकं काढून त्या जागी पट्टे बसवून बघितले. यंत्र सुरवंटासारखं सरपटतं, असं एका छायाचित्रकाराने म्हटलं, आणि तेच नाव पडलं, कॅटरपिलर म्हणजे सुरवंट. १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक होऊन कॅटरपिलर कंपनी झाली. तिची यंत्रं आधी करड्या रंगाची असत, पिवळा रंग १९३१ च्या शेवटी आला.

पट्ट्याने रुतणं का थांबतं, हे वर्गात आलेखाच्या कागदावर दाखवता येतं. समजा यंत्र दहा टनांचं आहे. जमिनीला टेकलेला प्रत्येक पट्टा दोन मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद. दोन्ही मिळून दोन चौरस मीटर, म्हणजे २०,००० चौरस सेंटिमीटर. १०,००० किलो भागिले २०,०००, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. आता सातवीतल्या मुलीला आलेखाच्या कागदावर एका पायावर उभी करा, पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि चौकोन मोजा. आमच्याकडे १२० चौरस सेंटिमीटर आले, वजन ४० किलो. म्हणजे एक तृतीयांश किलो. दहा टनांचं धूड जमिनीला त्या मुलीच्या दीडपटच दाबतं. मुलांनी तीनदा भागाकार करून बघितला.

आपल्या देशात ही यंत्रं मोठ्या संख्येने आली ती महायुद्धानंतर. मध्य भारतात लाखो एकर काळी जमीन कास गवताने पडीक पडली होती. त्याची मुळं इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला दाद देत नाहीत. केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली, सुरुवात अमेरिकन लष्कराच्या उरलेल्या ट्रॅक्टरांनी झाली, आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने या यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. आपल्या भागात शत्रू वेगळा होता, हरळी आणि कुंदा. कुंदा माजलेल्या रानात लोखंडी नांगराला चार-चार बैलजोड्या जुंपल्या तरी तळ लागायचा नाही. ज्याचं रान चेन ट्रॅक्टरने एकदा खोल नांगरून, ढेकळं उन्हात तापवून निघालं, त्याच्या घरी त्या वर्षी लग्नं निघायची, असं माझी आजी सांगायची.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका ठेकेदाराकडे अशा ट्रॅक्टरवर होते. यंत्र डिस्पोजलचं डी-सेव्हन. आधी नांगरटीवर, नंतर सत्तरच्या दशकात उजनीच्या मातीकामावर. आज ते पंच्याऐंशीचे आहेत आणि जवळजवळ बहिरे आहेत. कानातलं यंत्र आणलंय, ते पेटीत असतं. घरात त्यांच्याशी बोलणं म्हणजे आईने कानाशी ओरडायचं आणि त्यांनी "हां" म्हणायचं. पाहुण्यांशी तेवढंही नाही.

माझे चार विद्यार्थी रविवारी घरी आले. ओरडून उपयोग नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून एकाने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं : चेन ट्रॅक्टर सुरू कसा करायचा?

अण्णांनी पाटी हातात घेतली, दोनदा वाचली. मग आईला म्हणाले, "दोन लाटणी आण." आमच्या घरात लाटणं एकच. दुसरं शेजारून आणलं.

ते खुर्चीत बसले. दोन मुलांना समोर बसवून त्यांच्या हातात लाटणी उभी धरायला दिली, हे दोन दांडे. पायाशी दोन पाट, हे दोन ब्रेक. आणि मग अडीच तास ते बोलत होते. सलग एवढं बोलताना मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मोठं डिझेल इंजिन हाताने फिरत नाही. म्हणून त्याच्या अंगावर एक छोटं, दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं. आधी ते हाताने फिरवून सुरू करायचं. ते जरा वेळ चालू ठेवायचं, कारण दोन्ही इंजिनांचं पाणी एकच असतं. छोटं तापलं की मोठ्यालाही ऊब मिळते. मग मोठ्या इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब सोडून ठेवणारा दांडा ओढायचा, छोटं इंजिन मोठ्याला जोडायचं, आणि मोठं नुसतं फिरू द्यायचं. "तेलाचा काटा चढेपर्यंत हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले आणि एका मुलाच्या हातावर खरंच चापट मारली, कारण त्याने लाटणं आधीच पुढे केलं होतं. तेल सगळीकडे पोचलं की दाब लावायचा, मग डिझेल सोडायचं. धुराड्यातून आधी पांढरा, मग काळा धूर, आणि मग ती जमीन हलवणारी धडधड.

स्टिअरिंगचं चाक नाही. डावा दांडा ओढला की डाव्या पट्ट्याचा जोर तुटतो, उजवा चालत राहतो, आणि यंत्र डावीकडे वळतं. एका मुलाने लगेच लाटणं ओढून दाखवलं. अण्णा हसले आणि म्हणाले, "आता उतारावर आहेस. डावीकडं वळ." त्याने पुन्हा डावं लाटणं ओढलं. अण्णांनी दोन्ही हात वर केले. "गेलास उजव्या ओढ्यात."

तीव्र उतारावर यंत्र स्वतःच्या वजनाने खाली ओढलं जात असतं आणि इंजिन त्याला अडवत असतं. अशा वेळी डाव्या पट्ट्याची जोडणी तोडली तर अडवणारं कुणी उरत नाही, डावा पट्टा जोरात पळतो आणि यंत्र उजवीकडे वळतं. म्हणजे चढावर आणि सपाटीवर जो दांडा डावीकडे नेतो, तोच उतारावर उजवीकडे. हे डोक्याने कळून भागत नाही, असं अण्णांचं म्हणणं. हाताला कळावं लागतं, कारण विचार करेपर्यंत ओढा येतो. मुलांनी पाट आणि लाटण्यांवर अर्धा तास चढ-उतार केले. आईने मध्ये पोहे दिले, ते गार झाले.

मग एका मुलीने पाटीवर लिहिलं, कानांचं संरक्षण कसं करायचं?

प्रश्न 'कसं करायचं'चाच होता, नियमाबाहेरचा नव्हता. अण्णा म्हणाले, "कापूस. पहिले सहा महिने घातला. मग मुकादम म्हणाला, कापूस घातलास तर इंजिन काय बोलतंय ते कसं ऐकशील?" ते खरंही होतं. उघड्या यंत्रावर बसून नांगराला मूळ लागलं की दगड, चेनचा पिन ढिला झालाय की कोरडा, डिझेलला हवा धरलीय का, हे सगळं कानानेच कळायचं. ज्याचा कान चांगला तो ऑपरेटर चांगला. म्हणून चांगल्या ऑपरेटरांचे कान आधी गेले.

मुलीने पुढे लिहिलं, आता काहीच आवाज येत नाही का?

अण्णा बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. म्हणाले, "येतो की. रात्री येतो. रोज." मुलीने विचारलं, डी-सेव्हनचा? "नाही. गाडीचा नाही. नुसता आवाज. पन्नास वर्षं झाली."

घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही.

जुन्या यंत्रांच्या आठवणी काढणाऱ्यांची मोठी हौस असते, आणि ती मला आवडते. अमेरिकेत जुन्या कॅटरपिलर यंत्रांच्या मालकांचा क्लब आहे, लोक गंजलेलं यंत्र शेतातून उकरून काढून पुन्हा सुरू करतात. पण तो धडधडाट ऐकून ज्याच्या अंगावर काटा येतो आणि तो धडधडाट ज्याच्या कानात मुक्कामाला आला, त्या दोघांच्या आठवणी एकाच वहीत यायला हव्यात, असं मला त्या दुपारपासून वाटतं.

उजनीचंही मुलांनी विचारलं. धरणाच्या दोन बाजूंचा मातीचा बांध कसा घालायचा? मातीचा पातळ थर पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग वर दुसरा थर. जाड थर टाकला तर वरून घट्ट दिसतो आणि आत पोकळ राहतो. अण्णा ब्लेड किती उचलायचं ते हाताच्या तळव्याने दाखवत होते. स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "माझं माहेर त्यातच गेलं." अण्णांना ऐकू गेलं नाही. ते पुढचा थर सांगत होते. ज्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली जातं, त्या उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आणि आई भावाला घेऊन बघायला जाते. मुलांनी तिचं वाक्यही वहीत लिहून घेतलं. मी सांगितलं नव्हतं.

ही यंत्रं आता गेली कुठे? २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याचे नियम केले. त्यात दुचाकी आहेत, प्रवासी मोटारी आहेत. मालमोटारी नाहीत. राजेरजवाड्यांची मोटार जपली जाते, तिच्या मागून धान्य वाहणारी डॉज भंगारात जाते. आमच्याकडे भंगारातून तिचा एक भाग मात्र परत येतो. मालमोटारीचा कमानपाटा लोहार विकत घेतो, कारण कोयत्याला त्याच्याइतकं चांगलं पोलाद मिळत नाही. माझ्या वर्गातली काही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. त्यांतल्या एकाने घरचा कोयता दाखवायला आणला होता. त्याच्या पात्यावर, मुठीच्या जरा वर, कमानपाट्यातल्या बोल्टच्या भोकाचा अर्धा गोल अजून दिसतो.

मग मुलांनी मनोगतं लिहिली. गुणदान तक्त्यात 'भावपूर्ण शेवट' असं काहीतरी असतं, त्यात काही वह्या बसल्या नाहीत, तरी मी गुण दिले. एक निबंध असा सुरू झाला होता : "मला सुरू करणार असाल तर आधी अंगठा बाहेर काढा. मी चिडले की मनगट मोडते." दुसऱ्या एका मुलाची मालमोटार खंडाळ्याचा घाट उतरतानाच संपली होती, तिसऱ्या गिअरमध्ये, आणि खाली कर्जतच्या बाजूला पाऊस दिसत होता. आणि ज्या ड्रायव्हर वडिलांनी तक्रार केली होती, त्यांच्या मुलाने मालमोटारीला बोलूच दिलं नाही. त्याने किन्नरचं मनोगत लिहिलं. विषय बदलला म्हणून वर्गात थोडी कुरकुर झाली.

तुमच्या गावात असं कुणी असेल तर मुलांना पाठवा. एकटं नको, दोघा-तिघांना एकत्र पाठवा, म्हणजे एक विचारतो आणि एक लिहितो. फोनवर आवाज मुद्रित करायचा असेल तर आधी विचारून घ्या, काहींना ते आवडत नाही. प्रश्न सोपे ठेवा : सुरू कशी करायची, थांबवायची कशी, पंक्चर काढायचं कसं, रात्री दिवा गेला तर काय करायचं, भरलेली गाडी चिखलात रुतली तर कशी काढायची. भीतीचं, पगाराचं, घरच्यांचं त्यातूनच निघतं, वेगळं विचारावं लागत नाही. ऐकू कमी येत असेल तर पाटी न्या. कोरे कागद आणि पेन्सिलही न्या, कारण बोलता बोलता ही माणसं गिअरची जागा दाखवायला चित्र काढायला लागतात, आणि तेव्हा जवळ काही नसलं तर भिंतीवर काढतात. आमच्या ओसरीच्या भिंतीवर कोळशाने काढलेला डी-सेव्हन आहे. दिवाळीला रंग द्यायचा होता, तेवढी भिंत सोडून दिला.